काचेतले करडे मणी

"माझ्या बाबांवर कोणीतरी विषप्रयोग करतंय," खुर्चीत धड टेकायच्या आतच ती म्हणाली, "आणि तो माणूस माझा काका नाही, एवढं मला सिद्ध करून द्या. उद्या दुपारपर्यंत."

आत्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात त्यांची हयात गेली होती. निवृत्तीनंतर स्वस्थ बसवेना, म्हणून सायकलच्या दुकानावरच्या या खोलीत त्यांनी खाजगी चौकशीची पाटी लावली. भाचा त्यांना आत्या म्हणायचा, म्हणून सगळं जग आत्या म्हणू लागलं. भाच्याचं नाव ढापण्या. जाड भिंगांपायी शाळेत पडलेलं हे नाव चाळिशी आली तरी सुटलं नव्हतं. तो गाडी चालवायचा, टिपणं काढायचा आणि हमखास चुकीचा निष्कर्ष काढायचा.

"आधी पाणी प्या," आत्या म्हणाल्या. "मग पहिल्यापासून सांगा."

तिच्या बाबांचा काचेचा कारखाना होता. वितळलेली काच नळीने फुंकून तिथे तांबे, सुरया, फुलदाण्या करत. भट्टीसमोरच्या खुर्चीत बसून शेवटचा आकार द्यायचे ते बाबाच. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. लेक पुढचं दुकान सांभाळायची.

"दोन महिन्यांपूर्वी बाबांचे पाय सुजले, उलट्या झाल्या, लघवी जवळजवळ बंद. दोन्ही किडन्या बसल्या म्हणाले. रक्त मशीनवर शुद्ध करावं लागलं. मग सुधारले. घरी आले, कामाला लागले, आणि पुन्हा तेच. आता परत सुधारलेत. उद्या दुपारी घरी सोडणार."

"दवाखान्यात बरे, घरी आजारी," ढापण्याने टिपून घेतलं आणि हळूच शीळ घातली.

"हेच सगळे म्हणतात," तिचे डोळे भरले. "रंगाची खोली काकाकडे आहे. तिथे शिशापासून सोमलापर्यंत सगळी विषं असतात. भट्टीवरच्या माणसांसाठी मिठाचं लिंबूपाणी करतो तोही काकाच. पहिल्यांदा लंबू बोलला, बाबांचा पहिला मदतनीस. बाबांनी त्यावर एवढंच म्हटलं, मी येईन तेव्हा भाऊ घरात नको. काकाने बॅग भरून ठेवलीय. कामगार तर पोलिसांत जायचं म्हणतात. काकाला मूलबाळ नाही, बाईसाहेब. मला सायकल त्याने शिकवली. तो असं करेल?"

तिने पर्समधून एक बाटली काढली. "हे त्या माठातलं पाणी. तपासून घ्या."

"राहू दे," आत्या उठल्या. "आधी माठ बघू."

*

कारखान्यात पाऊल टाकताच ढापण्याच्या चष्म्यावर घाम जमला. भट्टीचं तोंड लालभडक होतं. तिच्यासमोर लांब दांड्यांची एक लाकडी खुर्ची रिकामी होती. खुर्चीच्या पाठीला जाड कातडी बाही टांगलेली होती, चटके बसू नयेत म्हणून हातावर चढवायची. आत्यांनी तिच्याकडे हात नेला.

"अहं!" मागून आवाज आला. "ती उस्तादांची. हात लावलेला त्यांना खपत नाही. मलासुद्धा नाही."

हा लंबू. उंचीमुळे कायम वाकून उभा राहणारा, तोंडाने फटकळ.

"सोमल काकांच्या खोलीत, किल्ली काकांच्या कमरेला, लिंबूपाणी काकांच्या हातचं," तो बोटांवर मोजत म्हणाला. "आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

"तेच पाणी तुम्हीही पिता ना?"

"हो, म्हणजे…" लंबूची गाडी अडकली.

"आणि उस्ताद उठले तर या खुर्चीत कोण बसणार?"

लंबूचे कान लाल झाले. "मीच. पण अशी नको मला. आमच्याकडे नियम आहे. ज्याचा हात थरथरला त्याने आपणहून खुर्ची सोडायची. उस्तादांनीच केलेला. काकांचं कोपर धरलं तेव्हा उस्तादांनीच त्यांना उठवलं आणि रंगाच्या खोलीत बसवलं. तेव्हापासून काका त्यांना पाण्यात पाहतात."

माठाच्या वर खिळ्यांना रंगीबेरंगी मग टांगले होते. ज्याचा त्याचा रंग ठरलेला. निळा उस्तादांचा. आत्यांनी त्यात बोट फिरवलं. बोटाला काजळीची मऊ पूड लागली. त्यांनी ती रुमालाला पुसली.

"तब्येत कशी असायची त्यांची?"

"ठणठणीत! गेल्या वर्षी प्रेशर निघालं तेवढंच. त्याच्या दोन गोळ्या सुरू झाल्या, त्यातली एक लघवीची. तेव्हा हाल झाले खरे. एकदा सुरई अर्ध्यावर टाकून पळावं लागलं. वितळलेली काच काय थांबते? पडली, फुटली, सगळ्यांच्या देखत. उस्तादांचं तोंड एवढंसं झालं. पण मग सवय झाली असावी. हल्ली दिवसभरात एकदाही उठत नसत."

आत्या कपाटासमोर थांबल्या. उस्तादांचा दवाखान्यात जाण्याआधीच्या दिवसांतला माल तिथे मांडलेला होता.

"वरच्या फळीवर सकाळचा, खालच्या फळीवर दुपारनंतरचा," लंबूने सांगितलं.

वरचे तांबे किंचित कललेले होते. नवख्याला कळलं नसतं, पण एका ओळीत ठेवल्यावर डोळ्यांत भरत होतं. खालचे मात्र पट्टीने आखल्यासारखे सरळ.

"सकाळी झोप उतरली नसेल," ढापण्या म्हणाला.

"तुझी उतरली का?" आत्या म्हणाल्या आणि रंगाच्या खोलीकडे वळल्या.

काका तराजूपाशी बसले होते. बुटके, डावं कोपर कायमचं वाकडं. त्यांनी न विचारताच कपाट उघडलं. सोमलाची बरणी मागे होती, झाकणावर मेणाचं सील आणि त्यावर धुळीचा थर.

"आता कोणी वापरत नाही. पण टाकू कुठे? नाल्यात?"

"लिंबूपाणी तुम्ही करता?"

"मीच. भट्टीपुढे माणूस सुकून जातो. पण दादा ते पीत नाही." काकांनी मान फिरवली. "पूर्वी घटाघटा प्यायचा. वर्ष होत आलं, त्याचा निळा मग खिळ्यावरून उतरवलेला नाही. माझ्या हातचं नको झालं असेल."

ढापण्याने पेन्सिल थांबवली. विष पाण्यात नव्हतं तर! त्याचा पत्त्यांचा बंगला कोसळला.

"त्यांचं तुमचं अलीकडे काही बिनसलं होतं?"

काकांनी खणातून फुटक्या काचेच्या तांब्याचा तुकडा काढला. हिरव्या काचेत मोहरीएवढा एक करडा, चकचकीत मणी अडकला होता.

"हे बघा. दादाच्या मालात असे मणी यायला लागले. त्याने सगळ्यांसमोर मला झापलं. तू रंगाची पावडर चाळत नाहीस, कामचुकारपणा करतोस, काय काय बोलला. मी दोनदा चाळतो हो! असा मणी भट्टीत ॲल्युमिनियमचा पत्रा गेला तरच येतो. एकदा पुन्हा वितळवायला घातलेल्या फुटक्या काचेबरोबर बाटलीचं झाकण गेलं होतं, तेव्हा आला होता. तेव्हापासून फुटकी काच मी एक एक तुकडा हाताने निवडतो."

"उस्ताद दवाखान्यात असताना आले मणी?"

"नाही. तेवढे दिवस माल स्वच्छ. म्हणून तर बोलतात ना, मी मुद्दाम त्याचाच माल नासवतो. जो काचेत घोळ करतो तो पाण्यातही करेल, असं लंबू म्हणाला. दादा तिथेच होता. त्याने मिठाची गुळणी धरली."

दाराशी त्यांची भरलेली बॅग होती.

*

कारखान्याच्या मागेच घर. उस्तादांची बायको स्वयंपाकघरात स्टुलावर बसून गुडघ्यांना तेल चोळत होती. दिरावर तिचा विश्वास होता, पण नवऱ्यापुढे बोलायची सवय नव्हती.

"ह्यांचं जेवण मी स्वतः करते. मीही तेच खाते," ती म्हणाली. "ह्यांना काही झालं तर मला व्हायला नको का?"

"तुम्हाला काय होतंय?"

"मला? गुडघे, आणि काय!" तिने मिठाच्या बरणीमागचा पत्र्याचा डबा पुढे ओढला. आत दुखण्यावरच्या गोळ्यांच्या पाकिटांची चळत होती. "लेक दुकानातून आणते. डॉक्टर कशाला लागतो याला? मागितल्या की देतात. पण आणते काय आणि संपतात काय! परवा आणल्या, आज डबा अर्धा." तिचा आवाज एकदम खाली आला. "बाई, मला वाटतं मीच घेते आणि विसरते. कोणाला सांगू नका. माझी आई शेवटी तशीच झाली होती. मला ओळखत नव्हती."

"कधी पुरल्याही असतील ना?"

"हे दवाखान्यात होते तेव्हा पुरल्या. जीव टांगणीला लागला होता, गुडघ्यांकडे लक्ष कुठे होतं!"

आत्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. एरवी त्या कोणाला हात लावत नसत. ढापण्याने ते पाहिलं, पण टिपून घ्यायचं त्याला सुचलं नाही.

*

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वैतागलेल्या होत्या.

"सोमल सापडला नाही. शिसं थोडं जास्त आहे, पण ते काचेचं काम करणाऱ्यांत असतंच, त्याने अशी किडनी बसत नाही. मी सगळं विचारलं. दुसरं औषध? नाही. पेनकिलर? नाही. झाडपाला? नाही. इथे सलाइन लावलं की माणूस सुधारतो आणि घरी गेला की परत येतो. मला सांगा, मी काय समजू? तिसऱ्यांदा आले तर किडन्या परत येतीलच असं नाही."

उस्ताद पलंगावर उशीला टेकून बसले होते. पिंजलेल्या मिशा, करारी डोळे. नर्स त्यांचे केस विंचरत होती आणि ते तिच्यावर खेकसत होते.

"विंचरू द्या की," नर्स म्हणाली. "स्वतःला तर जमत नाही. दोन्ही वेळा हेच. इथे आले की चार दिवसांत खांदा धरतो यांचा."

"गाद्या तसल्या आहेत तुमच्या!" उस्ताद गरजले. "घरी माझ्या हाताला काही होत नाही. कोणालाही विचारा."

"विचारलं," आत्या म्हणाल्या. "तुमच्या भावाबद्दल काय वाटतं तुम्हाला?"

उस्तादांनी भिंतीकडे तोंड केलं. "मला काही वाटत नाही. लोक म्हणतात."

बाहेर गाडीत बसल्यावर ढापण्याने कपाळ दाबलं. "डोकं फुटायची वेळ आलीय. लंबूच असणार. त्याला खुर्ची पाहिजे." त्याने खिशातून पाकीट काढलं, शेवटची गोळी फोडून कोरडीच गिळली आणि रिकामं पाकीट चुरगळून समोरच्या खणात भिरकावलं. मावळतीच्या उन्हात चांदी चमकली.

आत्यांनी ते पाकीट उचललं. नखाने त्याचा पातळ पत्रा खरवडला.

"सकाळपासून काही खाल्लंयस?"

"बिस्किटं. का?"

"आठवड्यात कितीदा घेतोस रे या?"

"साधी गोळी आहे, आत्या. औषध थोडीच आहे!"

"हेच," आत्या म्हणाल्या, पण त्यांच्या चेहऱ्यावर नेहमीचा आनंद नव्हता. "उद्या सकाळी आधी कारखान्यात जायचं. लेकीला बरोबर घेऊ. त्या बाहीला तिनेच हात लावलेला बरा."

*

दुसऱ्या दिवशी उस्तादांच्या पलंगाभोवती सगळे जमले. बायको खुर्चीत, लेक तिच्या मागे, लंबू खिडकीशी वाकून, डॉक्टरीणबाई हाताची घडी घालून. काका दाराजवळ, पायाशी बॅग. आत यायला ते तयार नव्हते.

"विष कोणी घातलं ते सांगते," आत्यांनी सुरुवात केली. "पण आधी मला छळणारी गोष्ट सांगते. हा माणूस घरी असला की याचा हात चालतो आणि किडन्या बसतात. दवाखान्यात किडन्या चालतात आणि हात बसतो. घरात असं काय आहे, जे हाताला तारतं आणि किडनीला मारतं?"

डॉक्टरीणबाईंच्या हातांची घडी सुटली. "पेनकिलर! पण हे तर नाही म्हणाले होते."

"नाहीच म्हणणार. आता तांबे बघा. थकलेल्या माणसाचा माल दुपारनंतर बिघडतो. यांचा सकाळी बिघडायचा आणि दुपारी सरळ व्हायचा. सकाळी खांदा आखडलेला असायचा. मग गोळी पोटात जायची आणि दुपारपर्यंत हात मोकळा."

"पण उस्ताद गोळ्या आणणार कुठून?" लंबू म्हणाला. "दुकानात गेले असते तर गावभर झालं असतं."

"दुकानात कशाला? मिठाच्या बरणीमागे डबा आहे." आत्या बायकोकडे वळल्या. "तुम्ही काही विसरत नव्हता. तुमची आठवण शाबूत आहे. हे घरी असले की डबा रिकामा व्हायचा, दवाखान्यात असले की पुरायचा."

बायकोने तोंडाला पदर लावला. ती नवऱ्याकडे बघत होती. "मी इतकी रडले तुमच्यापुढे," ती म्हणाली. "मला वेड लागतंय म्हणून रडले. तेव्हाही बोलला नाहीत?"

उस्ताद छताकडे बघत होते.

"म्हणजे मीच आणून देत होते," लेक पुटपुटली. "दर आठवड्याला. मीच."

"तू आईच्या गुडघ्यांसाठी आणत होतीस," आत्यांनी तिला थांबवलं. "आता पाणी. लघवीच्या गोळीमुळे काम टाकून उठावं लागायचं. एकदा सुरई फुटली, शोभा झाली. यावर दुसऱ्या कोणी डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ बदलून घेतली असती. यांनी पाणीच तोडलं. मगात काजळी साठली. काकांना वाटलं, माझ्या हातचं नको झालंय."

दारात काकांनी मान वर केली.

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "प्रेशरची गोळी, वर लघवीची, त्यावर ही पेनकिलर, आणि भट्टीपुढे दिवसभर पाण्याचा थेंब नाही! एकेकटी गोष्ट सोसली असती कदाचित. पण चारी मिळून किडनीचं रक्तच आटवतात हो. तरुण माणूसही आडवा झाला असता."

"म्हणजे विष कोणी घातलंच नाही?" लंबूने घसा खाकरला.

"कोणीच नाही."

"पुरावा?" उस्ताद पहिल्यांदा बोलले. आवाजात अजून जोर होता. "बायकोच्या गोळ्या संपल्या म्हणून मी चोर?"

आत्यांनी रुमाल उलगडला. आत गोळ्यांचं अर्धं पाकीट होतं आणि करडा मणी असलेला काचेचा तुकडा.

"पाकीट तुमच्या कातडी बाहीच्या आतल्या शिवणीत होतं. तुमच्या लेकीने काढलं. आणि हा मणी. कारखान्यात सगळं पारदर्शक, कचरा लंबू झाडणार, मग रिकामं पाकीट टाकायचं कुठे? समोर भट्टीचं तोंड होतं. तुम्हाला वाटलं, जळून जाईल. बहुतेक जळलं. पण काही पत्रा काचेत पडला आणि त्याचे मणी झाले. तुम्ही दवाखान्यात गेलात की मणी यायचे थांबायचे."

उस्तादांची नजर त्या मण्यावर खिळली.

"नियम मी केला होता," शेवटी उस्ताद म्हणाले. "ज्याचा हात गेला त्याने उठायचं. सख्ख्या भावाला उठवलं मी. मग माझा खांदा गेला हे कोणत्या तोंडाने सांगू? साधी गोळी होती. सगळं जग घेतं. तिने असं होतं हे मला काय ठाऊक?" त्यांनी दाराकडे पाहिलं. "मला खरंच वाटलं, कोणीतरी काहीतरी घातलंय. तुझी शपथ."

लेकीने डोळे पुसले. "झालं ना आता! काका, आत ये. ती बॅग ठेव आधी."

काका आत आले, पण बॅग हातातच होती. पलंगाजवळ येऊन त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "पाणी चालेल त्याला?"

"चालेल काय, पाजाच."

काकांनी बॅग पायाशी ठेवून टेबलावरचा ग्लास भरला. उस्तादांनी उजवा हात उचलला. तो छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. लंबूने मान खाली घातली. उस्तादांनी पुन्हा प्रयत्न केला, मग हात मांडीवर पडू दिला. सगळ्यांसमोर.

काकांनी ग्लास त्यांच्या ओठांना लावला. उस्ताद पीत राहिले, गळ्यात आवाज होईपर्यंत. ग्लास रिकामा झाला. काकांनी तो पालथा घातला आणि बॅग उचलली.

"काका, आता कुठे?" लेक पुढे धावली. "सगळं कळलं ना!"

"कळलं म्हणूनच जातो, बाळा." काका भावाकडे बघत होते. "दादा, विषाचं तुला खरंच वाटलं असेल. मानतो मी. माणूस घाबरला की काहीही वाटतं. पण मण्यांचं? पत्रा तूच टाकत होतास. मणी पाहिल्यापाहिल्या तुला कळलं होतं. काच तुला माझ्यापेक्षा जास्त कळते. तरी सगळ्यांसमोर मला कामचुकार म्हणालास."

उस्तादांनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

"लंबू," काका दारातून म्हणाले, "भट्टीवरच्यांचं लिंबूपाणी तू कर आता. मीठ बेताने टाक. आणि याचा मग धुऊन घे."

ते गेले. लेक त्यांच्यामागे जिन्यापर्यंत गेली आणि एकटीच परत आली.

घरी जाताना आत्या गाडीच्या खिडकीबाहेर बघत होत्या. ढापण्याने न सांगता औषधाच्या दुकानापुढून गाडी तशीच पुढे नेली. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "आत्या, केस सुटली ना? मग तू अशी का?"

"तिने काका मागितला होता," आत्या म्हणाल्या. "आपण तिला खरं दिलं."